रद्दीत गेलेल्या दोन वह्या

मागच्या उन्हाळ्यात एका मुलीचा फोन आला. पीएचडी करतेय म्हणाली. विषय आपल्या भागातल्या दारूबंदीच्या लढ्यातल्या बायका. "सर, तुमची २०१० सालची एक बातमी मिळाली मला. त्यात लिहिलंय की एका महिलेने या सगळ्या आंदोलनाची नोंद दोन वह्यांत ठेवलीय. त्या वह्या कुठे बघायला मिळतील?"

"बघून सांगतो," म्हणालो आणि फोन ठेवला. बघायचं काहीच नव्हतं. त्या वह्या माझ्याकडेच होत्या आणि माझ्याच हातून गेल्या.

हे मी आजवर कोणाला सांगितलं नव्हतं. आज सांगतोय, कारण पोस्टच्या शेवटी तुमच्याकडे एक काम मागायचंय. पोस्ट मोठी आहे. सवडीने वाचा, पण शेवटपर्यंत वाचा.

तेव्हा मी एका दैनिकाचा तालुका वार्ताहर होतो. आपल्याच तालुक्यातल्या एका गावात बायकांनी देशी दारूचं दुकान बंद करायचं ठरवलं. अर्ज, सह्या, सह्यांची पडताळणी आणि मग मतदान. आडवी बाटली जिंकायची तर गावातल्या एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून जास्त बायकांनी घराबाहेर पडून आडव्या बाटलीच्या बाजूने मत द्यावं लागतं. मतदानाला आलेल्यांपैकी निम्म्या नव्हे, एकूण यादीतल्या निम्म्याहून जास्त. ज्यांनी हे जवळून पाहिलंय त्यांना ते किती अवघड असतं हे सांगायला नको.

या सगळ्याच्या मधोमध एक काकू होत्या. सातवी शिकलेल्या. शंभर पानी दोन वह्या त्यांनी भरवल्या होत्या. एकीत बायकांची नावं. कोणी सही केली, कोणी केलेली मागे घेतली, का घेतली. दुसरीत तारीखवार हकिकत. आज साहेब भेटले नाहीत. एसटीला इतके पैसे गेले. अमकीला सही केली म्हणून नवऱ्यानं मारलं. तमकीच्या सासूनं मात्र स्वतः सांगितलं, जा तू मतदानाला, पोरं मी बघते.

दुकान बंद झालं. मी बातमी केली. काही महिन्यांनी काकू ऑफिसात आल्या आणि पिशवीतून वह्या काढून टेबलावर ठेवल्या. "भाऊ, घरी वाळवी हाये. तुमच्यापाशी राहू द्या. तुम्ही पेपरवाले, तुमच्याइथं कागद सांभाळून राहतात."

२०१६ मध्ये आमचं ऑफिस दुसऱ्या गाळ्यात हललं. रद्दीवाला आला. खालच्या कप्प्यातलं सगळं दे टाकून, असं पोराला मीच सांगितलं. तीन गोण्या निघाल्या. त्या पैशांत सगळ्यांचा चहा-भजी झाला. वह्यांची आठवण झाली ती दोन महिन्यांनी. काकूंना सांगायची हिंमत झाली नाही. त्यांनीही कधी विचारलं नाही. कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत त्या गेल्या.

त्या फोननंतर मी माझी जुनी बातमी काढून वाचली. कात्रण आहे माझ्याकडे. स्वतःचं लिहिलेलं मी बरोबर जपलंय! बातमीत सरपंचाचं नाव आहे, ठाणेदाराचं आहे, उत्पादन शुल्कच्या निरीक्षकाचं आहे, पाठिंबा द्यायला आलेल्या दोन पुढाऱ्यांची नावं आहेत. बायकांसाठी एकच शब्द आहे, 'महिलांनी'. आणि काकूंसाठी, 'एका महिलेने'.

म्हणजे वह्या गेल्या आणि जे राहिलं त्यात बायकांची नावंच नाहीत.

आठ दिवसांनी त्या मुलीला फोन करून खरं ते सांगितलं. मला वाटलं, चिडेल. ती म्हणाली, "सर, हे सगळीकडे असंच झालंय. म्हणून तर जगभर बायकांनी स्वतःची ग्रंथालयं आणि माहिती केंद्रं काढली आणि ती एकमेकींना जोडली." मग तिने मला काही नावं पाठवली. मी वाचायला लागलो. पत्रकारितेचा डिप्लोमा केला, वीस-बावीस वर्षं बातम्या लिहिल्या, पण हा सगळा प्रकार मला ठाऊक नव्हता. त्यातलं जे मला महत्त्वाचं वाटलं ते तुम्हाला सांगतो.

सुरुवात ॲमस्टरडॅमपासून. १९३५ सालच्या डिसेंबरात तिथे तीन जणींनी स्त्रियांच्या चळवळीचा एक आंतरराष्ट्रीय संग्रह सुरू केला. रोझा मानुस, योहाना नाबर आणि विलेमाइन पोस्थुमस. रोझा मानुस ज्यू होती. मताधिकाराच्या चळवळीत तिचं आयुष्य गेलं होतं. हॉलंडमधली पहिली स्त्री डॉक्टर अलेट्टा याकोब्स वारली तेव्हा तिची कागदपत्रं रोझाकडे आली होती. तीही या संग्रहात गेली. आंतरराष्ट्रीय हा शब्द त्यांनी उगाच लावला नव्हता. निरनिराळ्या देशांतल्या चळवळींची पत्रं, अहवाल, मासिकं, पुस्तकं एका ठिकाणी आणायची, हाच हेतू होता.

पाच वर्षंसुद्धा धड मिळाली नाहीत. मे १९४० मध्ये जर्मन सैन्य हॉलंडमध्ये घुसलं आणि जुलैमध्ये नाझींनी संग्रहाला टाळं ठोकून आतलं सगळं उचलून जर्मनीत नेलं. रोझा मानुसला १९४१ मध्ये अटक झाली. तिला राव्हेन्सब्रुक या बायकांच्या छळछावणीत पाठवलं. ती परत आली नाही.

युद्ध संपल्यावर फारच थोडं परत मिळालं. बाकीचं जळालं, नष्ट झालं असंच सगळे धरून चालले. मग सोव्हिएत संघ कोसळला, मॉस्कोतले बंद दप्तरखाने उघडले आणि १९९२ मध्ये कळलं की ॲमस्टरडॅमच्या बायकांचे कागद तिथे पडून आहेत. नाझींनी लुटलेला माल रशियन सैन्याने जिंकून नेला होता. ते कागद प्रत्यक्ष घरी यायला २००३ उजाडलं. त्रेसष्ट वर्षं लागली.

हे वाचून मी बराच वेळ गप्प बसून होतो. त्यांचे कागद शत्रूला चोरून न्यावेसे वाटले. काकूंच्या वह्या मी किलोच्या भावाने विकल्या.

पण पुढचा प्रश्न जास्त महत्त्वाचा आहे. साठ वर्षांनी हे कागद कोणाचे आहेत ते ओळखता का आलं? परत मागायला कोणी होतं, म्हणून. युद्धातून वाचलेल्यांनी संस्था पुन्हा उभी केली होती. तिथे कोणाला तरी माहीत होतं की आपल्याकडे काय होतं आणि काय गेलं. कागद हरवले तरी ते होते ही माहिती शिल्लक असेल तर ते परत येण्याची आशा असते. काकूंच्या वह्यांची माहिती माझ्याशिवाय कोणालाच नव्हती. त्यामुळे त्या गेल्या तेव्हा त्या गेल्याचंही कोणाला कळलं नाही.

हे जाळं पुढे कसं वाढलं ते बघा. १९७४ मध्ये रोम आणि जिनिव्हात 'आयसिस' नावाचं एक केंद्र सुरू झालं. नाव इजिप्तच्या देवीचं. काम साधं होतं. वेगवेगळ्या देशांतल्या बायकांच्या गटांकडून कागद मागवायचे आणि ते इतर गटांना पाठवायचे. ना इंटरनेट, ना मोबाइल. सगळं पोस्टाने. त्याच सुमारास, १९७५ मध्ये, मेक्सिकोत संयुक्त राष्ट्रांची पहिली जागतिक महिला परिषद झाली. तिथे जमलेल्या कार्यकर्त्यांना घरी परतल्यावरही एकमेकींची माहिती हवी होती. त्या गरजेतून १९७६ मध्ये न्यूयॉर्कला 'इंटरनॅशनल विमेन्स ट्रिब्यून सेंटर' निघालं. त्यांच्या पत्रकांत साधी रेखाचित्रं असायची आणि ती कोणीही उचलून आपल्या भाषेत छापावीत अशी मोकळीक होती. आपल्या बचत गटाच्या प्रशिक्षणात जशी चित्रं असतात ना, तसाच हा प्रकार.

१९९० मध्ये तुर्कस्तानात इस्तंबूलला स्त्रियांचं ग्रंथालय उघडलं. गोल्डन हॉर्नच्या काठावर, एका जुन्या इमारतीत. पुढच्याच वर्षी त्यांनी जगभरच्या स्त्री-ग्रंथालयांची परिषद भरवली. मला त्यांचं एक काम फार आवडलं. तुर्कस्तानने १९२८ मध्ये लिपी बदलली. जुनी अरबी वळणाची लिपी गेली, रोमन आली. त्यामुळे आजीने वाचलेली मासिकं नातीला वाचता येईनात. आपल्याकडे मोडी लिपीचं जे झालं तेच. घरात कागद आहे, पण वाचणारं कोणी नाही. बायकांनी काढलेली, बायकांसाठी निघालेली कितीतरी मासिकं अशीच इस्तंबूलच्या ग्रंथालयांत पडून होती. या बायकांनी १८६९ ते १९२७ पर्यंतच्या जुन्या लिपीतल्या स्त्री-मासिकांची सूची तयार केली आणि १९९३ मध्ये छापली. कोणतं मासिक, कोणत्या ग्रंथालयात, कोणते अंक. मासिकं विकत घेतली नाहीत, ती जिथे होती तिथेच राहिली. फक्त यादी केली. त्या यादीमुळे आपल्याकडे स्त्रियांनी फार पूर्वीपासून लिहिलंय, हे लोकांपुढे पुराव्यासह मांडता आलं.

१९९८ च्या ऑगस्टमध्ये ॲमस्टरडॅमच्या याच संस्थेने 'नो हाऊ' नावाची मोठी परिषद भरवली. जगभरातून स्त्रियांच्या ग्रंथालयांतल्या, माहिती केंद्रांतल्या, संग्रहांतल्या बायका आल्या. त्यांनीही जमवली ती एक यादीच. जगात कुठे कुठे अशी केंद्रं आहेत, त्यांच्याकडे काय आहे, कोणत्या भाषेत आहे, पत्ता काय. शेकडो केंद्रं त्यात आली. पुढची परिषद २००२ मध्ये युगांडात कंपालाला झाली आणि त्यानंतरची २००६ मध्ये मेक्सिको सिटीला.

मला आधी वाटायचं, आंतरराष्ट्रीय नेटवर्किंग म्हणजे विमानाने जायचं, हॉटेलात चर्चासत्र, गळ्यात ओळखपत्र, शेवटी ग्रुप फोटो. तेही असेल थोडंफार. पण याच्या मुळाशी यादी आहे. कोणाकडे काय आहे, हे दुसऱ्या कोणाला तरी माहीत असणं.

यादी करायची तर शब्द लागतात. इथे तर मला माझ्या धंद्याची लाज वाटली. नेहमीच्या ग्रंथालयांच्या वर्गवारीत बायकांचे विषय सापडत नाहीत, कारण ते भलत्याच नावाखाली ठेवलेले असतात. म्हणून हॉलंडच्या या केंद्राने १९९२ मध्ये स्त्रियांच्या विषयांचा एक शब्दसंग्रह तयार केला. कोणता विषय कोणत्या शब्दाने नोंदवायचा, त्याच्या जवळचे शब्द कोणते, असं सगळं. १९९८ मध्ये त्याच धर्तीवर युरोपभरासाठी शब्दसंग्रह निघाला. आता आमच्या वर्तमानपत्राची फाइल बघा. बाईला जाळलं की 'गुन्हे'. तिला घराबाहेर काढलं की 'कौटुंबिक वाद'. ती दारूच्या दुकानापुढे बसली की 'आंदोलन' किंवा 'संक्षिप्त'. उद्या कोणी आपल्या तालुक्यातल्या बायकांबद्दल शोधायला आलं, तर कोणत्या कप्प्यात बघावं हे मलाही सांगता यायचं नाही.

आता युगांडाची गोष्ट. आयसिसचा एक भाग १९९३ च्या अखेरीस जिनिव्हाहून कंपालाला आला. युरोपातलं केंद्र आफ्रिकेत हलवलं, ही गोष्टच वेगळी आहे. आपल्याकडे जिल्ह्याचं ऑफिस तालुक्याला आलेलं कधी ऐकलंय? तिथे त्यांनी लुवेरो भागात काम केलं. १९८० च्या दशकात तिथे यादवी युद्ध झालं होतं. युद्धात बायकांवर काय गुदरलं ते त्यांनी बायकांच्याच तोंडून नोंदवून घेतलं. नोंदवता नोंदवता कळलं की अनेक बायका इतकी वर्षं अत्याचाराच्या जखमा, आजार अंगावर घेऊन जगताहेत आणि दवाखान्यात गेलेल्याच नाहीत. मग त्या भागांत डॉक्टरांची पथकं नेली, उपचार केले. इथे नोंद कपाटात जाऊन बसली नाही. तिने डॉक्टर आणला.

त्याच भागात नाकासेके नावाच्या गावी १९९९ च्या सुमारास ग्रंथालय आणि कॉम्प्युटर केंद्र सुरू झालं. न्यूयॉर्कच्या ट्रिब्यून सेंटरने तिथल्या शेतकरी बायकांसाठी एक सीडी तयार केली. विषय, पैसे कसे कमवावे. वाचता न येणाऱ्या बाईने चित्रावर बोट नेऊन दाबायचं की लुगांडा भाषेत आवाज बोलतो. त्या सीडीच्या मदतीने सत्तरीतली एक शेतकरी बाई कॉम्प्युटर शिकली आणि मग इतर बायकांना शिकवायला लागली. पंचवीस वर्षांपूर्वीची ही गोष्ट आहे. आपल्या सार्वजनिक वाचनालयात आजही 'महिला विभाग' म्हणजे पाककृती आणि भरतकामाची दोन फळ्यांवरची पुस्तकं.

सगळं गोडगोड आहे असं नाही. लंडनचं स्त्री-ग्रंथालय १९२६ पासूनचं. व्हेरा डूई नावाच्या एकाच ग्रंथपालबाईने ते ४१ वर्षं सांभाळलं. २००२ मध्ये त्याला स्वतःची इमारत मिळाली, तीही बायकांच्या जुन्या धुलाईघराच्या जागी. आणि दहाच वर्षांनी, २०१२ मध्ये, ते ज्या विद्यापीठाकडे होतं त्याने सांगितलं की आता आम्हाला परवडत नाही. लोकांनी खूप विरोध केला. शेवटी २०१३ मध्ये संग्रह लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सकडे गेला. संग्रह वाचला, पण इमारत गेली. लंडनमध्ये ही गत, तर आपलं काय! यातली बरीच केंद्रं देणग्यांवर चालतात. देणगी थांबली की माणसं कमी होतात, पत्ते बदलतात, नावं बदलतात. ॲमस्टरडॅमच्या संस्थेचं नाव २००९ मध्ये 'अलेट्टा' झालं, आता ती 'अट्रिया' आहे. आणि या जाळ्याची भाषा मुख्यतः इंग्रजी. काकूंची वही वऱ्हाडीत होती. तिला या यादीत जागा मिळाली असती का?

मिळाली असती, असं मला आता वाटतं. कारण या जाळ्याचं एक टोक आपल्याकडेही आहे.

मुंबईत १९८८ मध्ये नीरा देसाई, सी. एस. लक्ष्मी आणि मैत्रेयी कृष्णराज यांनी 'स्पॅरो' हा संग्रह सुरू केला. लक्ष्मी म्हणजे तमिळ लेखिका अंबई. स्पॅरो म्हणजे चिमणी. दहिसरला त्यांची इमारत आहे. तिथे बायकांचे आवाज, फोटो, पोस्टर, चित्रफिती जपतात. अनेक भाषांतल्या. २०१४ मध्ये या चिमणीला नेदरलँड्सचा प्रिन्स क्लॉस पुरस्कार मिळाला. मुंबईत 'अक्षरा' आहे, 'वाचा' आहे. एसएनडीटीचं स्त्री-अभ्यास केंद्र तर १९७४ पासूनचं. पुणे विद्यापीठात सावित्रीबाईंच्या नावाचं केंद्र आहे. दिल्लीत सीडब्ल्यूडीएस आहे, १९८० पासून.

आणि घरोघर जाऊन नोंदी जमवायचं काम आपल्याकडे झालेलं आहे. उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून या दोघी आंबेडकरी चळवळीतल्या बायकांना शोधत गावोगाव फिरल्या. त्यातून १९८९ मध्ये 'आम्हीही इतिहास घडवला' हे पुस्तक आलं. पुढे ते इंग्रजीतही गेलं. त्या दोघी गेल्या नसत्या तर त्या म्हाताऱ्या बायांबरोबर ते सगळं गेलं असतं.

आपल्या जिल्ह्याचंच उदाहरण घ्या. बुलढाण्याच्या ताराबाई शिंद्यांनी १८८२ मध्ये 'स्त्री-पुरुष तुलना' लिहिलं. पुण्यात छापलं, पाचशे प्रती. जोतिबांनी त्याची दखल घेतली. आणि मग ते पुस्तक विस्मरणात गेलं. डॉ. स. गं. मालशे यांनी ते पुन्हा प्रसिद्ध केलं १९७५ मध्ये. मधे त्र्याण्णव वर्षं. आज जगभरच्या विद्यापीठांत ताराबाई शिकवतात. पाचशे प्रतींतली एखादी कोणाकडे तरी राहिली म्हणून. बुलढाण्यात ताराबाईंचं नाव आपण भाषणात घेतो, पण त्यांच्या हातचा एखादा कागद, एखादं पत्र कोणाकडे आहे का, हे शोधायला आपल्यापैकी कोणी निघालंय का? मी तरी निघालो नाही.

मला आता जे दिसतं ते असं. ॲमस्टरडॅम ते मुंबई रस्ता आहे. अरुंद आहे, मधे मधे उखडलेला आहे, पण आहे. मुंबई-पुण्यापासून आपल्या तालुक्यापर्यंत तो नाही. ॲमस्टरडॅमच्या कोणत्याही बाईला आपल्या तालुक्यातल्या वहीचा पत्ता लागणार नाही. दहिसरहून कोणी दर गावात येऊ शकणार नाही. हा शेवटचा तुकडा इथल्याच माणसांनी बांधायचा आहे. शिक्षिका, ग्रंथपाल, आशाताई, बचत गटाच्या सचिव आणि माझ्यासारखे वार्ताहर. काकूंनी तो बांधला होता हो. पिशवीत वह्या घालून त्या स्वतः आल्या होत्या. माझ्या टेबलापाशी येऊन तो तुटला.

मागच्या महिन्यात मी काकूंच्या घरी गेलो. सूनबाईंना खरं ते सांगितलं. त्या थोडा वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "आत्या शेवटपर्यंत सांगत होत्या, माह्या वह्या पेपरच्या हापिसात हायेत म्हणून." मला मान वर करता आली नाही. नंतर त्या आत गेल्या आणि एक फोटो घेऊन आल्या. मतदानाच्या दिवसाचा. शाळेच्या व्हरांड्यात रांगेत उभ्या बायका. मागे काही लिहिलेलं नाही. आम्ही दोघांनी बसून नावं आठवली. शेजारच्या दोघी-तिघींना बोलावलं. एकवीस बायकांपैकी सोळा नावं मिळाली. पाच नाही मिळाली. फोटोच्या मागे मी पेन्सिलने नावं लिहिली. शाईने लिहिलं तर पुढे उमटतं, हे आता मला माहीत आहे. मोबाइलवर फोटोचा फोटो घेतला आणि मूळ फोटो सूनबाईंकडेच ठेवला. मागितला नाही. माझ्याकडे काही ठेवायला द्यावं, एवढा भरवसा मी कमावलेला नाही.

आता तुमच्याकडचं काम.

मी एक यादी सुरू केलीय. आज तिच्यात अकरा ओळी आहेत. महिला मंडळाचं १९६८ पासूनचं इतिवृत्त, एका घरी. परित्यक्ता परिषदेला गेलेल्या एका ताईंची डायरी. एका आजींच्या ओव्यांची कॅसेट, कॅसेट चांगली आहे पण वाजवायला टेप नाही. असं. तुमच्या घरात, माळ्यावर, मंडळाच्या कपाटात, शाळेच्या ट्रंकेत बायकांनी लिहिलेलं किंवा बायकांच्या कामाचं काही असेल, वही, पत्र, पावती पुस्तक, हँडबिल, फोटो, कॅसेट, तर मला चारच गोष्टी कळवा. काय आहे, साधारण कोणत्या सालचं, कोणाकडे आहे आणि कोणत्या अवस्थेत आहे. बस. वस्तू मला देऊ नका. ती तुमच्याकडेच राहू द्या, फक्त वाळवी आणि ओलीपासून जपा.

दुसरं, हे कमेंटमध्ये लिहू नका, इनबॉक्समध्ये लिहा. अशा कागदांत कोणाच्या घरातलं दुखणं असतं. कोणी मार खाल्ला, कोणी घर सोडलं. त्या बायका किंवा त्यांची मुलं आज गावातच राहतात. चांगल्या संग्रहांत देणाऱ्याची अट पाळतात. अमुक वर्षांपर्यंत उघडायचं नाही म्हटलं की उघडत नाहीत. आपणही ते पाळू. ज्यांची इच्छा असेल त्यांची माहिती मी मुंबई-पुण्याच्या केंद्रांना कळवीन. नाही म्हटलं तर ओळ वहीतच राहील.

यादीच्या तीन प्रती करणार आहे. एक माझ्याकडे, एक आपल्या वाचनालयाच्या ग्रंथपाल ताईंकडे आणि एक त्या पीएचडीवाल्या मुलीकडे. माझ्या एकट्याच्या कप्प्यात आता काही ठेवायचं नाही, एवढं मी शिकलोय.

यादीत काकूंच्या वह्यांचीही ओळ आहे, अगदी पहिली. 'दोन वह्या, शंभर पानी, २००९-१०, दारूबंदी आंदोलन, लेखिका:' आणि पुढे काकूंचं पूर्ण नाव. सूनबाईंना विचारून लिहिलंय. कोणाकडे आहे या रकान्यात लिहिलं, 'वार्ताहराच्या हातून २०१६ मध्ये रद्दीत गेल्या.'

फोटोतल्या पाच जणींची नावं अजून राहिलीत. त्या गावचं कोणी हे वाचत असेल तर फोन करा. मी फोटो घेऊन येतो.